चिवड्याच्या पोथीचं पारणं

भरे, ता. मुळशी
१ ऑक्टोबर २०२४

आदरणीय साधनाताई यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही. मी गौतमी, भरे गावची सून. पौडच्या कॉलेजात बी. ए. केलं, आता पिरंगुटला एका कंपनीत पॅकिंगला जाते. आमच्या मागच्या खोलीतला भाडेकरू जाताना तुमची ‘चिवड्याची चौकशी’ ही कादंबरी टाकून गेला, ती मी वाचली. मोठ्याने वाचली, घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशी. निवृत्त स्टेशनमास्तर भालेराव, त्यांची जाड भिंगं, वसाहतीतून एकेक करून गायब होणारे फराळाचे डबे, मास्तरांनी मांजराची घेतलेली उलटतपासणी! आमच्याकडे सध्या कुणी हसत नाही, तरी त्या मांजरापाशी मला हसू आलं.

पण त्या बहाद्दर भाडेकरूने शेवटची पानं फाडून खिडकीच्या फटीत कोंबली होती, वाऱ्याने तावदान वाजू नये म्हणून. पावसात त्यांचा लगदा झाला. “भालेराव मास्तरांनी टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाले, आता मला चोर कळला,” इथे अठरावं प्रकरण संपतं आणि पुढे थेट पुठ्ठा!

अप्पा बळवंत चौकातली दुकानं मी पालथी घातली. पुस्तक कुठेच नाही. प्रकाशकाच्या पत्त्यावर आता चष्म्याचं दुकान आहे. मलपृष्ठावर तुमचा भूगावचा पत्ता होता, म्हणजे आमच्याच रस्त्यावरचा, म्हणून धीर करून लिहिते आहे.

दुर्गाकाकूंचा घर सोडून गेलेला मुलगा वसंता शेवटी परत येतो ना? एका ओळीत कळवलंत तरी चालेल. नाही, एका ओळीत नको. पूर्ण प्रकरण हवं आहे. जसंच्या तसं. तुमचा फोन नंबर दिलात तर मी लगेच बोलेन.

आपली वाचक,
गौतमी


भूगाव
५ ऑक्टोबर २०२४

प्रिय गौतमी,
अनेक आशीर्वाद.

चिवडा अजून खमंग आहे हे वाचून बरं वाटलं. माझ्या कादंबऱ्या मुळी ह्या दिवसांसाठीच असत. ऊन चटके देऊ लागतं, भातं पिवळी पडतात, माळ्यावरचे डबे खाली येतात आणि माणसाला डोक्याला ताप नसलेलं काहीतरी वाचावंसं वाटतं. दर दिवाळीला एक, असा माझा रतीब होता. कुणी मरायचं नाही, कुणी उपाशी झोपायचं नाही, आणि लक्ष्मीपूजनाच्या आत हरवलेलं सगळं सापडायचं, असे माझे नियम. मोठे समीक्षक नाकं मुरडत. मुरडोत बापडे.

पण पंधरा वर्षांपूर्वीचा चोर आता मलाही नीट आठवत नाही, आणि माझ्याकडची प्रत कुठे असेल देव जाणे. तेव्हा एक सुचवते. तूच शेवट रचून टाक. हलक्याफुलक्या गोष्टीचं हेच बरं असतं, शेवट कसाही केला तरी कुणाचं बिघडत नाही. खिडकीत बस, चहा घे, आणि ज्याच्यावर राग असेल त्याला चोर ठरव!

फोन मात्र करू नकोस. तो माझ्या घरात मला सोडून सगळ्यांना सापडतो. नव्या लेखनाच्या गडबडीत आहे, म्हणून इथेच थांबते.

तुझी,
साधना


भरे
९ ऑक्टोबर २०२४

आदरणीय साधनाताई,

तुम्ही लिहिलंत, कुणाचं बिघडत नाही. माझं सगळंच बिघडलं आहे. पहिल्या पत्रात मी हसतमुख वाचक झाले, कारण परक्या माणसापुढे एकदम पदर कसा पसरायचा ते कळेना. आता पसरते.

माझे मालक शेखर हिंजवडीच्या कंपन्यांची बस चालवायचे. पावसाळाभर त्यांना झोप नव्हती. बोलणं कमी होत गेलं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. गणपती बुडाले त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी अंघोळ केली, आईच्या पाया पडले, डबा घेतला आणि गेले. ते अजून आलेले नाहीत. मोटरसायकल कासारसाईच्या धरणाच्या भिंतीपाशी सापडली, हँडलला हेल्मेट अडकवलेलं. फोन बंद. गाव काय समजायचं ते समजून गेलं. बायका येऊन माझ्या कपाळाकडे बघून जातात.

समजत नाहीत त्या फक्त माझ्या सासूबाई, गोजराबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या म्हणतात, “जीव द्यायचा असता तर भाकरी कशाला नेली असती? गाडी घावली, डबा घावला न्हाई. म्हंजे त्यानं डबा खाल्लाय.” पोलिसांनाही त्यांनी हेच सांगितलं.

ते गेल्यावर घरात इतकी शांतता झाली की मला भीती वाटायला लागली. म्हणून हाताला लागलं ते पुस्तक घेऊन मी मोठ्याने वाचत बसले. चांगला दिवा देव्हाऱ्यापाशी आहे, म्हणून तिथे बसले. आत्याबाई आल्या, डोक्यावर पदर घेऊन समोर बसल्या, हात जोडले. प्रकरण संपल्यावर पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं आणि लाल फडक्यात बांधून देवाजवळ ठेवलं. त्यांना लिहितावाचता येत नाही. दिव्यापुढे बसून वाचतात ती पोथी, एवढंच त्यांना ठाऊक. आणि तुमचे भालेराव मास्तर तर हरवलेल्या छत्र्या, चष्मे, शेळ्या शोधून देणारे! त्यांनी मास्तरांना महाराज करून टाकलं. मास्तरबाबा म्हणतात.

मला वाटलं, असू दे, तेवढाच जिवाला विसावा. त्यांनी मनात नेम धरलाय हे मला उशिरा कळलं. पोथी पुरी होईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. ज्या दिवशी पुरी होईल त्या दिवशी पारणं, आणि मास्तरबाबा शेखरला आणून सोडणार! दूध, केळं, चार शेंगदाणे, एवढ्यावर त्या आहेत. वय सत्तरीच्या पुढे, त्यात साखरेचा आजार. डॉक्टरांनी हात जोडले. त्या म्हणाल्या, “पोथी अर्धी टाकून ताटावर बसू व्हय?”

शेवट रचायला सांगितलात ना? रचला. कोऱ्या वहीतून वाचून दाखवला. दोन वाक्यांत त्यांनी मला थांबवलं. “ह्ये मास्तरबाबांचं बोलणं न्हाई. तू तुज्या पदरचं सांगतीस.” पुन्हा पहिल्यापासून वाचते म्हटलं, तर पुरी झाल्याशिवाय पोथी मागे फिरवत नाहीत म्हणाल्या. शेवटी खरं काय ते सांगून टाकलं. आत्याबाई, ही गमतीची कादंबरी आहे, भूगावच्या एका बाईंनी लिहिलेली. तर त्या शांतपणे म्हणाल्या, “मग पोथीबी कुणीतरी लिवल्यालीच असती की!” 

मी देव पाण्यात घालून बसले आहे. माळ्यावर शोधा, ट्रंकेत शोधा, कुणा वाचकाकडे मागा. वसंता घरी येतो एवढं त्यात असलं की पुरे.

गौतमी


भरे
१५ ऑक्टोबर २०२४

साधनाताई,

तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून परवा मी स्वतःच तुमच्या दारी आले होते. भूगावात मोठमोठ्या इमारतींतून तुमची शोधून काढली, वर आले, बेल वाजवली. आतून आवाज येत होते. भांडं पडल्याचा, पुरुषमाणसाचा, मग तुमचा. तुम्ही “गप्प बसा, कुणी नाही” असं म्हणालात. मी दारावर हात मारून माझं नाव सांगितलं. दार उघडलं नाही. बाहेर उभं राहून मला वाटलं, बरोबरच आहे. लक्ष्मीपूजनाच्या आत सगळ्यांना घरी आणणाऱ्या बाईंच्या घरात माझ्यासारखीचं काय काम? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पण हे पत्र रागाचं नाही. राग करायला अंगात बळ लागतं.

काल पोलिसांनी बोलावलं. धरणाच्या कडेला एक देह लागला होता. कंपनीतली रेश्मा माझ्याबरोबर आली. चादर बाजूला केली, आणि ते शेखर नव्हते. कुणीतरी दुसराच माणूस होता. ताई, मला आनंद झाला. त्या माणसाच्याही घरी कुणी वाट बघत असेल, आणि त्याच्यापाशी उभी राहून मी देवाचे आभार मानले. मग बाहेर येऊन ओकले. घरी आले तर आत्याबाई न्हाणीत पडलेल्या. डॉक्टरांनी सलाईन लावलं. पुढच्या वेळी मला बोलावू नका, सरळ ससूनला न्या म्हणाले. शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं, “पोथीचं पान आलं का?”

आणखी एक सांगायचं आहे. आधी मी वसंताला घरी आणा म्हणाले होते. आता म्हणते, आणू नका. तो आला असं मी वाचलं, तर त्या उद्या दारात बसतील, परवाही बसतील, आणि शेखर आले नाहीत की त्या उंबऱ्यावरच संपतील. आणि तो येत नाही असं वाचलं, तर ताट पुढे ओढणारच नाहीत. दोन्हीकडून आगच आहे. एक माणूस तर गेला, दुसरं डोळ्यांदेखत चाललंय, आणि मी कंपनीत खोकी बांधत बसते.

आता काय मागायचं तेच मला कळत नाही. तरी मागते आहे.

गौतमी


भूगाव
१८ ऑक्टोबर २०२४

चि. गौतमी,

दाराच्या आत मीच होते. तुझं नाव ऐकलं आणि कुलूप काढलं नाही. का, ते आता सांगते. कुणालाच सांगितलेलं नाही.

माझे यजमान निरंजन यांना विसरण्याचा आजार आहे. चार वर्षं झाली. आधी शब्द गेले, मग माणसं, आता मी. मला ते बाई म्हणतात आणि घरी सोडा म्हणतात. दार उघडं दिसलं की निघतात. एकदा चांदणी चौकातल्या गाड्यांच्या लोंढ्यातून त्यांना परत आणलं, तेव्हापासून दाराला आतून कुलूप असतं. फोन ते लपवतात, शेवटचा पाण्याच्या पिंपात सापडला. तू आलीस तेव्हा त्यांनी आमटीचं पातेलं उलथलं होतं, माझ्या अंगावर आमटी होती, पायाखाली आमटी होती, आणि ते दाराकडे धावत होते. मी त्यांना कमरेला धरून बसले होते. बाहेर कुणी नाही, असं त्यांना सांगत होते.

नवं लेखन वगैरे काही नाही. चार वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही. माझं प्रत्येक प्रकरण पहिल्यांदा निरंजन ऐकत. कुठे हसतात ते मी बघत असे, आणि हसले नाहीत तर ते पान फाडत असे. आता हसणारा माणूसच राहिला नाही, तर लिहू कुणापुढे? तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, कुणी सुखवस्तू बाई ऑक्टोबरच्या दुपारी लोळत वाचते आहे. मला तिचा हेवा वाटला. म्हणून तसं चटपटीत उत्तर लिहिलं. दुसरं पत्र वाचून काही लिहवेना. हे अडीअडचणीचं रडगाणं नाही, फक्त दार का उघडलं नाही ते सांगितलं.

आता कामाचं. तुझं तिसरं पत्र आल्यावर निरंजन झोपले असताना माळा उपसला. माझी प्रत सापडली, शेवटच्या पानासकट. चोर आहे वसाहतीचा सेक्रेटरी, आणि वसंता लक्ष्मीपूजनाला फटाक्यांची पेटी घेऊन हसत दारात उभा राहतो. दुर्गाकाकू त्याच्या तोंडात लाडू कोंबतात. समाप्त.

ते मी पुन्हा वाचलं आणि मला माझीच शिसारी आली. माणूस घर का सोडून गेला ते नाही, इतके दिवस कुठे होता ते नाही. नुसता लाडू! हे पान मी तुझ्या आत्याबाईंसाठी पाठवू शकत नाही. तू म्हणतेस ते खरं आहे. हे पान त्यांना मारेल.

नवं लिहिते. जमेल असं वचन देत नाही. लेखणी धरली की निरंजन कागद ओढतात. पण तू खोकी बांधतेस ना, तसं बसते. आत्याबाईंना सांग, पोथीचं पान लिहून व्हायचं आहे.

साधना


भरे
२१ ऑक्टोबर २०२४

आदरणीय साधनाताई,

तुमचं पत्र वाचून मी आधी रडले, मग मागच्या पत्रातल्या शब्दांची लाज वाटली. आमटीने भाजलं तर नाही ना?

तुमचा निरोप आत्याबाईंना सांगितला. पडल्या होत्या, त्या उठून बसल्या. “पोथी लिवणारी बाई जित्ती हाय?” पोथी लिहिणारे सगळे कधीच समाधी घेऊन बसले, अशी त्यांची समजूत. त्यातली एक भूगावात राहते, आणि तिच्या घरी गॅस आहे, कुकर आहे, हे ऐकून त्यांना काही सुचेना. मग त्यांनी विचारलं, मालक हायेत का? मी हो म्हटलं, आणि फसले.

कारण आमच्याकडे पोथीच्या समाप्तीला मेहूण जेवायला घालतात, नवराबायकोचं जोडपं. मेहूण जेवल्याशिवाय नेम धरणाऱ्याने घास घ्यायचा नाही. आत्याबाई म्हणतात, लिवणारीच मेहूण म्हणून आली पाहिजे. मी निरंजनकाकांच्या आजाराचं सांगितलं. “इसरत्यात तर इसरू देत. त्यास्नी काय पोथी म्हणून दाखवायची हाय? जेवायचं हाय.”

ताई, त्यांना आता आधाराशिवाय चालता येत नाही. ओठ पांढरे पडलेत. आमच्या शेजारी नथूभाऊंची जीप आहे, त्यांना मी विचारून ठेवलंय. वसुबारसेला, सोमवारी, सकाळी ते गाडी घेऊन येतील. मला माहीत आहे मी काय मागते आहे. तुम्ही दार उघडायला घाबरता, आणि मी तुम्हाला दार उघडून काकांना घेऊन इतक्या लांब या म्हणते. पण दुसरा मार्ग असता तर मागितलं नसतं.

गौतमी


भूगाव
२४ ऑक्टोबर २०२४

चि. गौतमी,

एकोणिसावा अध्याय झाला. बरा की वाईट, मला समजेनासं झालंय. आधी तूच शेवट वाच.

मास्तर चोर पकडायला टोपी घालून बाहेर पडतात, सगळी वसाहत धुंडाळतात आणि दमून स्वतःच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला येतात. तिथे त्यांची बायको शेजारणीच्या डब्यात चिवडा भरत असते. सगळे डबे तिनेच नेलेले असतात. मास्तर मटकन बसतात. गावभर चौकशी केली आणि चोर आपल्याच चुलीपाशी! मग लिहिलंय ते असं:

“अगं, पण हा फराळ जातो कुठे?”
“दुर्गाकाकूंच्या वसंताला.”
“म्हणजे तो सापडला? कुठे आहे? चल, त्याला घेऊन येऊ!”
“नाही. आत्ता त्याला कुणाचं तोंड बघवत नाही. कुठे आहे ते मी सांगणार नाही. त्याला तसा शब्द दिलाय.”
“मग दुर्गाकाकूंना मी काय सांगू?”
बायकोने डब्याचं झाकण घट्ट लावलं. “जेवतोय, एवढं सांगा.”

मास्तर दुर्गाकाकूंच्या दारात जातात, तेवढंच सांगतात, आणि काकू पणती लावून पान वाढायला घेतात. इथे संपवलंय. वसंता येत नाही. जातही नाही.

हे मी निरंजनना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. पण कागदही ओढला नाही.

त्यांना बाहेर न्यायची मला भयंकर भीती वाटते. ताट भिरकावतील, पळतील, तुझ्या आत्याबाईंच्या पारण्याचा विचका होईल. हा शेवट तुला चालणार असेल तर सोमवारी नथूभाऊंना पाठव. चालणार नसेल तर गाडी पाठवू नकोस, मी काय ते समजेन.

साधना


भरे
४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय साधनाताई,

तुम्ही आलात, वाचलंत आणि परत गेलात, तरी अजून मला तो दिवस खरा वाटत नाही. जीपमध्ये काका खिडकीची दांडी धरून बसले होते, उतरायलाच तयार नव्हते. तुम्ही अध्याय वाचलात, नारळ फुटला, पानं वाढली. काकांनी ताटाकडे बघितलंसुद्धा नाही. तुम्ही घास पुढे केलात, त्यांनी हात झटकला, भात तुमच्या साडीवर सांडला. तुम्ही उठून परसात गेलात आणि भिंतीला टेकून रडलात. मी मागे आले, आणि मीही रडले, कारण मेहूण उपाशी म्हणजे आत्याबाई उपाशी. सगळं संपलं असं मला वाटलं. नंतर आत आलो तर ती दोघं समोरासमोर बसून जेवत होती. तुम्ही मला विचारलंत, आत्याबाईंनी कसं भरवलं? मी विचारलं तर त्या बोलल्या नाहीत. आज म्हणाल्या, लिहून घे. त्या सांगतात तसं लिहिते.

*

साधनाबाय, रामराम.

तुमास्नी वाटतंय म्हातारीनं मालकांस्नी भरवलं. मी न्हाई भरवलं. माजा हातच उचलत नव्हता.

तुमी वाचलं, मास्तरबाबाची बायकू म्हनली, जेवतोय, एवढं सांगा. तवा माज्या पोटातली कळ थांबली. मास्तरबाबाला एवढी चौकशी करून ठावं झालं न्हाई, त्ये चुलीपाशी बसल्याल्या बाईला ठावं व्हतं. मी म्हनलं, असंल. माज्या शेखरलाबी अशी कुनी बाई घावली असंल. पन समद्यांनी पान वाढलं, तुमचं मालक जेवंना, आन माजा नेम आडवा. तुमी दोगी परसात गेला.

मग हितं आमी दोगंच. त्ये माज्या त्वांडाकडं लई येळ बगत ऱ्हायले. मग हळूच म्हनले, “आई, तू जेवलीस का?”

बाय, इतकं दीस झालं, येणारा जाणारा मला म्हनतोय, जेव. डागतर म्हनतोय जेव, गौतमी म्हनतीया जेव, समदं गाव जेव म्हनतंय. जेवलीस का, असं कुनी इचारलं न्हाई. शेखर कामावरनं आला की दारातनं ह्येच इचारायचा. चपला काढायच्या आदी.

मी म्हनलं, न्हाई बाबा जेवली. तवा त्येंनी वरणभात कालवला, घास क्येला आन माज्या त्वांडाफुडं धरला. मेहूण जेवल्याबिगर खायाचं न्हाई, त्ये मला ठावं हाय. पन लेकानं घास धरल्यावर न्हाई कसं म्हनायचं? मी खाल्ला. मग त्येंनी खाल्ला. मग मी, मग त्ये. नेम मोडला का ऱ्हायला, त्ये मास्तरबाबा बगून घील.

शेखर आला न्हाई. दिवाळी गेली, भाऊबीज गेली. पोथीला मी बोल लावत न्हाई. सांजच्याला दारात बसतीया, दिवा लावून उठतीया, आन जेवतीया. गौतमीलाबी जेवाया लावतीया, तीबी माज्यासंगं उपाशीच व्हती, कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. त्येचं ताट मांडतीया. ताट रिकामं ऱ्हाऊ नये म्हनून मागल्या खोलीत नवा भाडेकरू आलाय, लांबचा हाय, बिहारचा, त्येला बोलावतीया. खाली मान घालून जेवतो. त्येची बोली मला कळत न्हाई, माजी त्येला कळत न्हाई. घरचा फोन आला की उचलत न्हाई, नुसता बगत बसतो. का, त्ये मी इचारलं न्हाई.

दर आयतवारी नथू गाडी घिऊन यील. मालकांस्नी आना. कुलूप काढाया भिऊ नगा, हितं समदं शेतच हाय, पळून पळून जातील कुटं?

आन एक काम हाय. तुमी लिवणाऱ्या हाय, हिंदीबी येत आसंल. त्या पोराच्या आईला दोन वळी लिवा. पत्त्याचा कागुद गौतमी ह्या पत्रात घालतीया. त्यो कुटं ऱ्हातो, काय करतो, फोन का उचलत न्हाई, त्यातलं काय बी लिवू नगा. जेवतोय, एवढं लिवा.

गोजराबाई